जेवायची हाक

लांबी आणि चिमी ही शाळेतली नावं. एक वर्गात सगळ्यांत उंच, दुसरी सगळ्यांत बुटकी, आणि दोघी एकाच बाकावर. पन्नाशी जवळ आली तरी नावं काही सुटली नाहीत. लांबीचं पडदे शिवायचं दुकान होतं. चिमी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. लग्न तिने केलं नव्हतं. ती आईबरोबर एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची, आणि चिमीच्या आईला लांबी लहानपणापासून मावशी म्हणायची.

मावशींची तीन मांजरं होती. राव नावाचा दांडगा बोका, थोरली आणि धाकटी. तिघांनीही घराबाहेर कधी पाय ठेवला नव्हता. मावशी त्यांच्याशी घरी पाहुणे आल्यासारखं बोलायच्या. बोक्याला अहोजाहो, मांजरींना बाई. पोटच्या मुलीला मात्र अगं, ऊठ, चल. चिमी म्हणायची, या घरात मी सोडून सगळ्यांना मान आहे.

आजारी पडायच्या थोडं आधी मावशींनी बैठकीच्या खोलीचे पडदे शिवायला टाकले. पडदे तयार झाले तेव्हा त्या दवाखान्यात होत्या, आणि तिथून घरी आल्याच नाहीत. पडदे घडी घालून दुकानाच्या वरच्या फळीवर पडून राहिले. लांबीने दोन-तीनदा फोन केला, की लावून देते. चिमी म्हणायची, बघू गं, पुढच्या आठवड्यात. एरवी ही चिमी दर शनिवारी दुकानात येऊन बसायची, कापडाच्या चिंध्यांत हात घालत गप्पा मारायची. आता फोनवरही दोन वाक्यांत संपवायची. आई गेली आहे, वेळ लागणारच, असं म्हणून लांबीनेही मागे लागणं सोडून दिलं.

शेवटी एका रविवारी दुपारी चिमीने स्वतःच बोलावलं.

दार उघडलं तेव्हा चिमीच्या पायात बूट होते आणि खांद्याला पिशवी. आत्ताच बाजारातून आले, म्हणाली. पिशवी रिकामी होती. घर स्वच्छ होतं, जरा जास्तच. फरशी नुकती पुसलेली, फिनाईलचा भपकारा. पण त्या वासाच्या खाली दुसरा एक वास होता, उग्र, डोळ्यांत जाणारा, बंद घरात मुरलेला. खिडक्या सगळ्या लावलेल्या होत्या. लांबी स्टुलावर चढली आणि जुने पडदे उतरवायला लागली, तेव्हा मागे फरशीवर आवाज आला. टक, टक, टक. कुणीतरी सुया टेकवत चालावं तसा.

ती वळली. सोफ्याखालून थोरली बाहेर येत होती. तिची नखं वाढून आत वळली होती आणि प्रत्येक पावलाला फरशीवर वाजत होती. एक नख तर पंजाच्या मऊ गादीत रुतलेलं होतं. दिवसभर स्वतःला चाटत बसणारी ही मांजर, आणि तिच्या पाठीवर केसांचे गठ्ठे होऊन घोंगडीसारखे थर बसले होते. चालताना ते थर कातडी ओढत होते, म्हणून ती अंग चोरून चालत होती.

राव खिडकीच्या कट्ट्यावर बसला होता. डोकं तेवढंच मोठं राहिलं होतं. बाकीचा बोका कुठेतरी गेला होता. पाठीचा कणा दोरीसारखा वर आलेला, मांड्या आत गेलेल्या. लांबीने पाण्याचा पेला कट्ट्यावर ठेवला होता. त्याने त्यात तोंड घातलं आणि प्यायला लागला. लांबीला आधी गंमत वाटली. मग तो पीतच राहिला. पाणी खाली गेलं तसा त्याने पेल्यात मान घुसवली, मिशा काचेला चिकटल्या, तरी जीभ चालूच.

चिमी म्हणाली, म्हातारा झालाय तो. या वयात असं होतं, डॉक्टर म्हणाले. लांबीने विचारलं, कुठले डॉक्टर? चिमी म्हणाली, आपले नेहमीचेच. आणि धाकटी? ती लपून असते हल्ली. आई गेल्यापासून बाहेरच येत नाही.

कोपऱ्यात एक पांढरं यंत्र होतं, मांजरांना ठरल्या वेळी खाणं घालणारं. वर पारदर्शक डबा, खाली भांडं. डबा वरपर्यंत दाण्यांनी भरलेला होता. भांडं मात्र घासल्यासारखं लखलखीत होतं.

"बघ, डबा भरलेलाच असतो," चिमी म्हणाली. "खातच नाहीत नीट. दुःख करतात आईचं."

ती बोलत होती तेव्हा दोन्ही मांजरांनी एकदम माना वळवल्या. चिमीकडे नाही. त्या यंत्राकडे. चिमी बोलायची थांबली तशा त्यांच्या माना सावकाश परत फिरल्या. ती पुन्हा काहीतरी म्हणाली, तसं पुन्हा तेच. लांबी हातात पडदा धरून बघत राहिली. माणूस इथे बोलत होतं आणि मांजरं तिथे कोपऱ्यात बघत होती. कुणी आणखी एकजण त्या कोपऱ्यात उभं असावं, तशी.

चिमीने वाकून थोरलीच्या डोक्यावरून हात फिरवायचा प्रयत्न केला. थोरली फरशीला चिकटली आणि हाताखालून सरपटत निघून गेली, परक्या माणसाच्या हाताखालून जावी तशी. चिमीचा हात जरा वेळ तिथेच राहिला.

लांबीच्या तोंडाशी आलं होतं, पण तिने गिळलं. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. अशा माणसाला काय बोलायचं, की तुझी मांजरं बरी दिसत नाहीत? तिने पडदे लावले. दांड्याचा एक ब्रॅकेट तडकलेला निघाला, तो नवीन आणते म्हणाली. चिमी घाईघाईने म्हणाली, गडबड नाही, पण यायच्या आधी फोन कर हं.

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, कमी बोलणारा माणूस.

"तू पडदे शिव," तो म्हणाला, "पडद्याआड डोकावू नकोस."

पण ताट उचलताना तो थांबला. म्हणाला, बोका तुझ्या पेल्यातलं पाणी प्यायला म्हणतेस, मग त्याचं स्वतःचं पाणी कुठे होतं?

लांबीने डोळ्यांसमोर ती खोली आणली. सोफ्याशेजारी निळं भांडं होतं. तळाला पांढरी कड होती, पाणी आटून आटून बसते तशी. भांडं कोरडं होतं. आणि मांजरांच्या शीसाठी असतो तो मातीचा ट्रे? तो तिला कुठेच दिसला नव्हता. तो वास मात्र आठवला.

दुकानातून घरी जायची तिची वाट चिमीच्या रस्त्याला लागूनच होती. त्या आठवड्यात ती रोज वाट वाकडी करून जायला लागली. समोरच्या औषधाच्या दुकानापाशी उभं राहून ती वर बघायची. संध्याकाळ झाली की बैठकीच्या खोलीत दिवा लागायचा. नवे पडदे उजळायचे. पण त्या पडद्यांवर कधी सावली पडली नाही. कुणी उठलं नाही, बसलं नाही, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं नाही. शेजारची स्वयंपाकघराची खिडकी तर रोजच अंधारी. लांबीने हयातभर लोकांच्या खिडक्या मापलेल्या. घरात माणूस असलं की खिडकी कशी दिसते ते तिला ठाऊक होतं. ही खिडकी तशी दिसत नव्हती.

शुक्रवारी तिने ब्रॅकेट पिशवीत टाकला आणि समोरच्या फुटपाथवरून चिमीला फोन लावला. काय करतेस, विचारलं. चिमी म्हणाली, काही नाही गं, स्वयंपाकघरात उभी आहे, भाजी चिरतेय. लांबी त्या अंधाऱ्या खिडकीकडे बघत होती. फोनमध्ये चिमीच्या मागे कुणीतरी मोठ्याने हसलं, बायकांचा घोळका असावा तसं. तू कुठे आहेस, चिमीने विचारलं. दुकानात, लांबी म्हणाली, आणि फोन ठेवून जिना चढायला लागली.

जिन्यात शांतता होती. तिने घंटा वाजवली. काही नाही. पुन्हा वाजवायला बोट उचललं, आणि आतून मावशी बोलल्या.

"या, या. पानं वाढलीत. थोरल्या बाई, धाकटीला घेऊन या. राव, पायात येऊ नका."

लांबीचं बोट घंटेवरच राहिलं. आवाजात तोच घसा, 'राव' म्हणताना येणारं तेच हसू. असंख्य वेळा ती या दारात उभी राहिली होती आणि आतून या बाईने तिला असंच बोलावलं होतं. क्षणभर तिला खरंच वाटलं, की आता दार उघडेल. मग आत फरशीवर नखं वाजली. टक टक टक टक, भराभर, एकाच दिशेने.

दाराला अगदी खाली, फरशीलगत टपाल टाकायची फट होती. ती गुडघ्यांवर बसली आणि झाकण वर केलं. वास अंगावर आला. खोलीत दिवा होता. राव आणि थोरली त्या पांढऱ्या यंत्रासमोर बसली होती, पंगतीला बसावं तशी, शेपट्या पायांभोवती नीट गुंडाळून. यंत्र घरघरलं. आत काहीतरी फिरलं, अडलं, पुन्हा फिरलं. भांड्यात काही पडलं नाही. मांजरं भांड्याकडे बघत राहिली. घरघर थांबली. मग पुन्हा मावशींचा आवाज. या, या. पानं वाढलीत. थोरलीने रिकामं भांडं एकदा चाटलं आणि पुन्हा नीट बसली.

लांबीने फोन लावला.

"चिमे, मी तुझ्या दारात आहे. मावशी बोलतायत आत."

पलीकडचं हसणं अजून चालूच होतं. मग चिमी हळू आवाजात म्हणाली, "ते आपोआप बंद होतं. तू जा."

"भांड्यात काही पडत नाहीये."

"काय?"

"यंत्र नुसतं फिरतंय. आवाज येतो, ती दोघं येऊन बसतात, आणि काहीच पडत नाही. चिमे, डबा भरलेला दिसतो तो त्यामुळे."

चिमीच्या मागचा हसण्याचा आवाज बंद झाला, ती कुठेतरी बाहेर आली असावी. "आले," एवढंच म्हणाली.

ती येईपर्यंत लांबी दाराशी बसून राहिली. पिशवीत पाण्याची बाटली होती. तिने फटीतून थोडं पाणी फरशीवर ओतलं. नखं वाजत आली. फटीच्या पलीकडे, बोटभर अंतरावर, दोन जिभा फरशी चाटायला लागल्या. ती ओतत राहिली. आत हाक आणखी एकदा झाली. या वेळी मांजरं पाणी सोडून तिकडे धावली नाहीत. फक्त माना वळवून त्यांनी तिकडे पाहिलं.

चिमी धापा टाकत आली. किल्ली काढून ती दारासमोरच उभी राहिली. लांबीने ती तिच्या हातातून घेऊन दार उघडलं.

आत गेल्यावर लांबीने आधी निळं भांडं भरलं, मग यंत्राचं झाकण काढलं. वरचे दाणे कोरडे होते. त्यांच्याखाली हात घातला तर दगड लागला. दमट हवेने दाणे फुगून, एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला होता, वर हिरवट बुरशी. गोळ्याने खालचं भोक बंद केलं होतं. कधी एखादा दाणा सुटून पडत असेल तेवढाच. चिमीने तो गोळा हातात घेतला आणि तशीच सोफ्यावर बसली.

तेव्हा तिने सांगितलं. आई गेल्यावर तिला या घरात झोपच लागेना. आई आहे असं वाटायचं म्हणून नाही, नाही असं वाटायचं म्हणून. मग प्रयोगशाळेजवळ तिने बायकांच्या वसतिगृहात खोली घेतली, थोड्या दिवसांसाठी म्हणून. आधी रोज यायची. मग एक दिवसाआड. मग नुसती रविवारी. यंत्र आईनेच आणलं होतं, दवाखान्यात जायच्या आधी. आपण नसताना ही उपाशी राहतील म्हणून स्वतःची हाक त्यात भरून ठेवली होती. चिमीला ती पुसवेना आणि ऐकवेनाही. म्हणून हाकेची वेळ टाळून ती यायची. रविवारी एक भांडं भरून ओलं खाणं ठेवायची, ट्रे रिकामा करायची, फरशी पुसायची, निळ्या भांड्यात पाणी भरायची आणि संध्याकाळच्या आत निघून जायची. दिवा टायमरवर लावलेला होता, शेजाऱ्यांनी विचारू नये म्हणून. डबा भरलेला बघून तिला वाटायचं, बिचारी दुःखात आहेत, जेवत नाहीत.

"तुला त्या दिवशीच कळलं होतं ना?" तिने विचारलं.

"काहीतरी बरं नाही एवढं कळलं होतं," लांबी म्हणाली. "काय ते आज कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

लांबीने खोलीभर नजर फिरवली. ती म्हणाली, "धाकटी कुठे आहे?"

त्या दोघी शोधायला लागल्या. पलंगाखाली, ओट्याखाली, न्हाणीघरात. हाका मारल्या, पण हाकेला ओ नव्हती. मावशींच्या खोलीतल्या कपाटाचं दार बोटभर उघडं होतं. खालच्या कप्प्यात मावशींच्या लोकरी शालीवर धाकटी पडलेली होती. डोळे चिकटून मिटलेले. लांबीला वाटलं, संपलं. चिमीने तिच्या छातीवर दोन बोटं ठेवली. हाताला काहीतरी लागलं असावं, कारण तिने शालीसकट तिला उचललं आणि छातीशी धरलं. नंतर ती म्हणायची, नुसती शालच उचलली असं वाटलं होतं.

नवऱ्याने व्हॅन आणली. जनावरांचा दवाखाना अजून उघडा होता. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. चिमीला ते रागावण्यापेक्षा जड गेलं. त्यांनी एकेकाला टेबलावर घेतलं, मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसली नाही. पाणी संपलंय अंगातलं, त्या म्हणाल्या. मग विचारलं, शेवटचं पोटभर कधी खाल्लं?

"मला माहीत नाही," चिमी म्हणाली.

रावची मूत्रपिंडं निकामी झाली होती. सलाईन लावूनही तो सावरला नाही, चार दिवसांत गेला. चिमी रोज काम सुटलं की त्याच्या पिंजऱ्याशी जाऊन बसायची. थोरलीचे गठ्ठे कातरावे लागले, रुतलेलं नख काढून पंजाला पट्टी बांधली. ती सगळ्यांत आधी उभी राहिली आणि तिने पट्टी बांधणाऱ्या मुलीला चावा घेतला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही जगते.

धाकटीचंच कठीण होतं. ती सलाईनवर तगली, पण तोंडाने काही घेईना. बशी समोर ठेवली की तोंड फिरवायची. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी कशी हाक मारता तिला? ओळखीच्या हाकेने कधी कधी खातात. लांबी औषधं आणायला बाहेर गेली होती. ती परत आली तेव्हा खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून मावशींचा आवाज येत होता. धाकट्या बाई, या. पानं वाढलीत. लांबीचा हात दारावरच थांबला. यंत्र तर चिमीने वसतिगृहातल्या कपाटावर खोक्यात बांधून ठेवलं होतं. तिने दार जरासं ढकललं. खोलीत चिमी एकटी होती, टेबलावर ओणवलेली. मायलेकींचा आवाज इतका सारखा आहे हे लांबीला एवढ्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. धाकटीचे कान उभे होते. ती चिमीच्या बोटावरचं खाणं चाटत होती.

त्यानंतर बरेच दिवस दोघींत नीट बोलणं झालं नाही. भांडणही झालं नाही. चिमी लागेल तेवढंच बोलायची, आणि लांबीला वाटायचं, आपण तिला उघडं पाडलं हे ती विसरणार नाही. नवरा म्हणाला, विसरायला कशाला हवं? तू गेली नसतीस तर तिघांसाठीही खड्डा खणावा लागला असता. त्याच्याकडून एवढं बोलणं म्हणजे भाषणच होतं.

चिमीने ते घर सोडलं. सामान बांधायला लांबी गेली, नवे पडदे तिनेच उतरवले. वसतिगृहात मांजर चालत नव्हतं, म्हणून चिमीने तळमजल्यावर दीड खोलीची जागा भाड्याने घेतली. तिथे धाकटी तिच्या उशाशी झोपते. आजारपणाने एक डोळा अधू राहिला, बाकी ठीक आहे. ट्रे न्हाणीघराच्या दाराशी असतो आणि चिमी तो दोनदा बघते, कधी तीनदा. जेवण ती स्वतःच्या हाताने वाढते. शिफ्ट असली तर लांबीला फोन करते, आणि लांबी जाऊन वाढून येते.

थोरली दुकानात राहिली. दोन मांजरं मला एकदम नाही झेपायची, असं चिमीनेच सांगितलं, आणि ते सांगताना तिने मान खाली घातली नाही. थोरली अस्तराच्या ताग्यांवर झोपते. केस पुन्हा आलेत, आखूड, मखमलीसारखे. गिऱ्हाइकांना वाटतं दुकानाचीच आहे. एका बाईने पडदे घेताना तिच्यावर कापड टेकवून रंग जुळवून बघितला होता.

शनिवारी चिमी येते. विंचरणं तिचं काम. थोरली थोडा वेळ सोसते, मग गुरगुरते, मग हात झटकून टाकते. परवा नखं कापायला दवाखान्यात न्यायचं होतं. व्हॅन कामावर होती, म्हणून दोघी टोपली घेऊन बसने गेल्या. थोरलीने सबंध रस्ताभर गळा काढला. बस गच्च भरलेली, लोक वळून वळून बघायला लागले, कुणाला काय वाटत असेल म्हणून लांबीला कानकोंडं झालं. चिमीने टोपली मांडीवर घेतली आणि बोटं जाळीतून आत घातली.

"चावते आहे का?" लांबीने विचारलं.

"चावते आहे," चिमी म्हणाली, आणि तिने हात काढला नाही.